वाड्यातलं कोर्ट आणि न्यायाधीशांचा चेंबर

प्रश्न (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, सातारा)
साताऱ्याच्या नव्या राजवाड्यावर अभ्यास करतेय. १८३८ ते १८४४ दरम्यान बांधलेला हा वाडा, पुढं तिथं जिल्हा न्यायालय भरायचं. राहण्या-दरबारासाठीच्या वास्तूत कोर्ट बसवताना काय बदलावं लागतं? दिवाणखान्यात डायस (न्यायाधीश बसतात तो उंच चौथरा) टाकता येईल, पण चेंबर (न्यायाधीशांची खासगी खोली) कुठल्याही खोलीत चालतो का?

उत्तर (निवृत्त शिरस्तेदार, म्हणजे कोर्टातले मुख्य कारकून)
नाही चालत, बाळा. माझी सगळी नोकरी कोर्टात गेली. चेंबर डायसच्या पाठीलाच लागतो आणि त्याचं दार थेट डायसवर उघडतं. पट्टेवाल्यानं दार लोटलं की हॉल उभा राहायचा. साहेब वर, खाली आम्ही, समोर वकील, बाजूला साक्षीदाराचा पिंजरा. पक्षकार पुकारा झाल्यावर व्हरांड्यातून आत येणार. साहेबांची वाट आणि पक्षकाराची वाट कुठंही एक होता कामा नये. एकानं जिन्यात साहेबांना नुसता नमस्कार घातला तरी दुसऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. मग निकाल कितीही चोख असो, त्याला तो पटत नाही.

वाड्यात मध्ये चौक, भोवती सोपे, एका खोलीतून दुसरीत जायचं. घरच्यांना ते सोयीचं, कोर्टाची मात्र पंचाईत. एका तालुक्याला आमचं कोर्ट अशाच जुन्या वाड्यात होतं. शेवटी व्हरांड्यात सागवानी पार्टिशन ठोकून बोळ काढला. साहेबांना अंग चोरून जावं लागे, पण वाट वेगळी झाली. तुझ्या नकाशात असे बोळ आणि बुजवलेली दारं जरूर दाखव.

उत्तर (वकील, सांगली)
काकांशी सहमत. फौजदारी खटला खुल्या कोर्टात चालतो, बलात्काराचा मात्र कायद्यानंच इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३६६. छोट्या कोर्टात अशा वेळी चेंबरच कामी येतो. त्यामुळं माप काढताना स्टेनो, दोन्ही बाजूंचे वकील, जबाब देणारी बाई आणि तिच्या सोबतीचं माणूस, एवढ्यांची जागा धर.

विद्यार्थिनी
आभारी आहे! काका, पार्टिशन मूळचं की नंतरचं, ते कसं ओळखू?

निवृत्त शिरस्तेदार
वर बघ. मूळची भिंत तुळईला भिडते. आमचं पार्टिशन हवा खेळावी म्हणून वर मोकळं सोडलं होतं. आणि खांबाला खिळ्यांची भोकं दिसली, तर तिथं कधीतरी पार्टिशन होतं असं धरून चाल.