ऑइल बदललं की गाडी लाखभर जाते, हे सांगणं आता थांबवा

कोयनाकाठ
परवा जुनी_बुलेट_मिरज यांनी लिहिलं होतं, "दर 3 हजारला ऑइल बदला, बाकी गाडी बंद पडेपर्यंत पाना लावू नका, लाख किलोमीटर सहज जाते." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. कॉमेंटमध्ये मावणार नाही म्हणून इथे लिहितोय.

ऐंशी हजार ओलांडलेली टुरिंगची गाडी इंजिनामुळे रस्त्यात उभी राहणं फार कमी. ती उभी राहते क्लच केबलच्या निपलपाशी (टोकाच्या गोळीपाशी), रेग्युलेटरच्या कपलरपाशी (वायरींच्या जोडापाशी), चाकाच्या बेअरिंगपाशी, कडक झालेल्या पेट्रोल पाईपपाशी. यातल्या एकाही जागी तुमचं ऑइल पोचत नाही.

एकच जागा नीट सांगतो. स्टेटरकडून (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) रेग्युलेटरकडे (ती वीज बॅटरीला झेपेल अशी करणारा डबा) तीन वायरी जातात, बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या. तो कपलर ओढून काढा आणि उजेडात धरा. एखाद्या पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं दिसलं, तर ती पिन सैल आहे आणि तापतेय. चार्जिंग अजून होत असतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मग पावसात कुंभार्ली घाट चढताना हेडलाईट, फॉग लॅम्प, फोनचा चार्जर सगळं एकदम चालू असतं आणि ती पिन वितळते. बॅटरीवर गाडी थोडी पुढे जाते, मग सगळंच अंधारात.

बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास हवं. इंजिन 4 ते 5 हजार आरपीएमवर धरलं की 13.8 ते 14.5. तेरालाही पोचत नसेल तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरीलाही घेऊन जाईल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही लोकांना पानाच लावू नका म्हणून सांगता?

जुनी_बुलेट_मिरज
दादा, माझं अर्धंच वाक्य धरून बसलात. पाना लावू नका म्हटलं ते उगाच नाही. जुन्या गाड्या झिजून कमी मरतात, खोलून जास्त मरतात.

ड्रेन बोल्ट घ्या. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. पोरगा लांब पान्याने अंगातला जोर लावून आवळतो, वॉशर जुनाच ठेवतो, गळायला लागलं की अजून आवळतो. चौथ्या-पाचव्या वेळेला आटे बाहेर. मॅनुअलमध्ये टॉर्क (किती जोराने आवळायचं) छापलेला असतो, पण किती गॅरेजमध्ये टॉर्क पाना भिंतीवर दिसतो?

दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग; त्यात बारीक गॅप ठेवावा लागतो. "आवाज येतोय साहेब, आवळून देतो." आवळलं की आवाज बंद, मालक खूश. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर (तो बंद होताना बसतो त्या कडीवर) टेकतो तेव्हा सोडतो. गॅप संपला की तो पुरता टेकत नाही, कड जळते, कॉम्प्रेशन जातं. थोडा टिकटिक करणारा टॅपेट परवडला, पण गप्प केलेला नको. असल्या हातात गाडी देण्यापेक्षा न खोललेली बरी. हे माझं मत होतं आणि अजूनही आहे.

कुपवाड_लेथ
आट्यांचं शंभर टक्के खरं. आटे गेलेली केसिंग लेथवर येतात तेव्हा आधीच कोणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळून, एम-सील लावून बघितलेलं असतं. कृपा करून तसं करू नका, टेपचे तुकडे ऑइलच्या जाळीत जातात. आटे गेले असतील तर त्याच मापाचा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवा. भोक मारताना टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस फासा म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. बोल्ट लावायच्या आधी थोडं स्वस्त ऑइल ओतून खालून सोडून द्या.

तांब्याचा वॉशर परत वापरायचाच असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. ॲल्युमिनियमचा मात्र दर वेळी नवा.

पण मिरजकर, एक सांगायलाच हवं. बुलेटच्या यूसीई इंजिनाला (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेलं) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर गॅप स्वतः सांभाळणारे टॅपेट असतात, तिथे गॅप लावायचा प्रश्नच येत नाही. तुमचा सल्ला स्क्रूवाल्या टॅपेटच्या गाड्यांना लागू. तिथेही "हात लावू नका" चुकीचंच, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला की गॅप आपोआप कमी होतो. कोणी आवळलं नाही तरी. रात्रभर गार झालेलं इंजिन, कॉम्प्रेशन स्ट्रोकचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), एवढंच लागतं.

जुनी_बुलेट_मिरज
यूसीईचं मला माहीत आहे. माझ्या नावातली बुलेट कास्ट आयर्नची, म्हणजे त्याआधीच्या इंजिनाची आहे.

पसरणी_उतार
तुमचं इंजिन-इंजिन चालू द्या, ब्रेकबद्दल कोणीच बोलत नाही याचा राग येतो. डॉट 4 ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी शोषलेल्या ऑइलची हीच मर्यादा 155 वर येते. पाचगणीहून वाईला उतरताना मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि पाय सतत ब्रेकवर, म्हणजे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किती तापतो बघा. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला, गाडी 2 हजार चालली असो की 40 हजार. आपल्याकडे महाबळेश्वर-कोयनेचा पाऊस म्हटल्यावर दोन वर्षंसुद्धा जास्त.

नुसतं ऑइल बदलून थांबू नका. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर पिनेचं रबर फुगतं आणि पिन अडकते. मग एकच पॅड झिजतो आणि चाक जड फिरतं.

तासगाव_ते_लेह
हे सगळं ठीक. पण मुळात E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल घालून तुम्ही विश्वासार्हतेच्या गोष्टी करताय? टाक्या गंजतायत, पाईप फुगतायत, ॲव्हरेज 35 चं 28 झालं. ज्या गाड्या E20 साठी बनल्याच नाहीत त्यांच्या मालकांना पंपावर पर्यायच नाही. आधी यावर बोला, मग कपलर उघडा.

शेंद्रे_फाटा
झालं, आला विषय इथेनॉलवर. भाऊ, तुम्ही तासगावचे. तुमच्याकडे द्राक्षं, आमच्याकडे ऊस. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचे लिहिलंय, आणि ते 14 दिवस किती वेळा पाळले जातात ते सातारा-सांगलीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉल उचललं जातं. कारखान्याकडे पैसा फिरतो तो त्यामुळे. तुमच्या टाकीच्या गंजासाठी आमचं बिल अडवायचं का?

तासगाव_ते_लेह
शेतकऱ्याच्या नावाने गप्प बसवू नका. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं तेव्हा तुमच्या बिलाचा विचार झाला होता का? आणि 2023-24 पासून इथेनॉलमध्ये मक्या-तांदळाचा वाटा उसापेक्षा जास्त आहे. मग 20 टक्क्यांचं ओझं माझ्या 2017 च्या गाडीने उसासाठी वाहायचं, हे कुठलं गणित? पंपावर दोन नळ्या ठेवा, एकात E20 आणि एकात कमी. ज्याला जे हवं ते घेईल.

शेंद्रे_फाटा
दोन नळ्यांना माझी ना नाही. पण "इथेनॉल म्हणजे विष" म्हणायचं बंद करा. ते आमच्या रानातून येतं.

कुपवाड_लेथ
दोघांनी जरा दम धरा. आकड्यांवर या. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळल्यावर एकूण घट येते 6 ते 7 टक्के. म्हणजे 35 देणारी गाडी साडेबत्तीस-तेहतीसवर येईल. अठ्ठावीसवर आली असेल तर उरलेलं इथेनॉलच्या माथी मारू नका. चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक धरतोय का बघा. हवा बघा, एअर फिल्टर बघा, चेन बघा. जत-आटपाडीकडच्या धुळीत फिल्टर छापील अंतराच्या अर्ध्यातच भरतो. कागदी फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर मारा, बाहेरून मारली की धूळ कागदात रुतते.

पंपावरच्या पेट्रोलची शंका असेल तर 100 मिलीचं मापाचं नळकांडं घ्या. 20 मिली पाणी, 80 मिली पेट्रोल, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 20 वरून 35 च्या आसपास गेला तर ते E20 आहे. त्याहून बराच वर गेला तर पंप बदला.

आणि तासगावकरांचं जे बरोबर आहे तेही म्हणतो. जुन्या गाडीचं रबर इथेनॉलसाठी नव्हतं, हे खरं. पाईप बोटांनी दाबून बघा, चिकट किंवा कडक लागला तर काढा. नवा घेताना एसएई जे30आर9 लिहिलेला घ्या, त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. कार्ब्युरेटरची गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक दिसलं तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एक नंबर वाढवा. ऑक्सिजन सेन्सरची इंजेक्शन गाडी ते स्वतः सांभाळते. महिनाभर उभी ठेवायची असेल तर लोखंडी टाकी काठोकाठ भरा आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. अर्ध्या टाकीत दमट हवा, हवेतलं पाणी इथेनॉलमध्ये, आणि खाली तळाशी गंज.

तासगाव_ते_लेह
6-7 टक्के मान्य. ब्रेक बघतो. दोन नळ्यांची मागणी सोडणार नाही.

कोयनाकाठ
धागा गाडीचा होता, तो पंपावर जाऊन उभा राहिला. परत येतो.

मिरजकर, वाईट हाताने खोलण्यापेक्षा न खोललेलं बरं, हे मी मानतो. पण त्यावर उपाय आपला हात बसवणं हा आहे, डोळे मिटणं नाही. चेनला कुठलंही इंजिन खोलावं लागत नाही. 520 किंवा 525 ची (हे चेनच्या मापाचे नंबर) चेन ताणून धरा आणि 21 पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसावीच्या मध्यापर्यंत नवी चेन 317.5 मिलीमीटर भरते. 321 च्या आसपास आली की दोन्ही स्प्रॉकेटसकट (चेनच्या दातेरी चाकांसकट) पूर्ण किट बदला, नुसती चेन घातली तर जुने दात तिला खातात. गळीत हंगामात ट्रॉल्यांबरोबर रानातली काळी माती रस्त्यावर येते, ती चेनवर बसून पेस्ट होते. रॉकेल आणि मऊ ब्रश घ्या. तारेचा ब्रश आणि पेट्रोल दोन्ही ओ-रिंग (चेनच्या पिनांची रबर सील) मारतात. मग 90 नंबर (गिअर) ऑइल चेनच्या आतल्या बाजूने, आणि जास्तीचं पुसून टाका.

चाक काढलंच आहे तर हब रबर (मागच्या चाकात झटका शोषणारं रबर) दाबून बघा. तिथे ट्यूबचे तुकडे कोंबायची पद्धत आहे, ती बंद करा. तुकडे सरकतात, झटका थेट चेनवर आणि गिअरबॉक्सवर येतो.

पसरणी_उतार
आणि वॉशिंग सेंटर! प्रेशरचा पाईप सरळ चाकाच्या मध्यावर आणि कोनसेटवर (हँडलच्या बेअरिंगवर) धरतात. पाणी सीलच्या आत जातं, ग्रीस बाहेर, दोन महिन्यांत बेअरिंग घरघरतं. हँडल मधोमध येऊन अडकल्यासारखं लागलं तर कोनसेट गेला. नवीन चाकाचं बेअरिंग घेताना नंबरपुढे 2आरएस हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील. झेडझेड म्हणजे नुसता पत्रा, आपल्या पावसात टिकत नाही.

जुनी_बुलेट_मिरज
ठीक आहे. चेन, ब्रेक ऑइल, बेअरिंग, कपलर, हे "पाना लावू नका" मधून काढून घेतो. मूळ पोस्टमध्ये तसं लिहीन. इंजिनाच्या आतलं मात्र तसंच ठेवणार.

क्लच केबलचं कोणी सांगितलं नाही म्हणून मीच सांगतो. नवी केबल जुनीच्या बाजूने पूर्ण टाकून ठेवा, दोन्ही टोकांना ऑइल सोडून प्लास्टिकने बांधा. निपलपाशी दोन तारा सुटलेल्या दिसल्या की फक्त टोकं बदलायची. टाकी काढायला लागत नाही.

कोयनाकाठ
हे उत्तम. याच पद्धतीने ॲक्सिलरेटरची केबलही टाकता येते.

कपलरमध्ये तपकिरी डाग निघाला तर नुसता सँडपेपर मारून परत लावू नका. पिना नव्या टाका, वायर काळवंडली असेल तितकी मागे कापा, क्रिम्प करून (पिन वायरवर दाबून बसवून) वर सोल्डर द्या आणि कपलर तोंड खाली येईल असा बांधा.