केकपेक्षा शिफ्ट बदलतानाची पाच-दहा मिनिटं

वाढदिवसाचा केक आणि वर्षाकाठी एक सहल यांनी कामावरची टीम जुळते, असं बरेच जण म्हणतात. केक खुशाल कापा, पण माणसं जुळतात ती चूक न घाबरता सांगता येते तिथे, असं मला ठामपणे वाटतं. टीम कशा काम करतात याच्या अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त निघाली. तिथे लोक चुका झाकत नव्हते, त्यांवर बोलत होते.

आमच्याकडे नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत, कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये, शिफ्ट बदलताना जाणारे-येणारे मशीनपाशीच उभं राहून बोलतात. साहेबांचा प्रश्न ठरलेला: "काय अडलं होतं?" कोणामुळे, हे ते चारचौघांत कधीच विचारत नाहीत. परवा नवीन ट्रेनी पोरगा आपणहून म्हणाला, "दादा, रात्री बेअरिंगचा आवाज येत होता. मला काय कळतं, म्हणून बोललो नाही." कोणी हसलं नाही की ओरडलं नाही. लगेच कव्हर उघडलं, तर ग्रीस पार काळं पडलेलं. आता काही खटकलं की तो लगेच सांगतो. फार कौतुक वाटतं त्याचं.

दुसरं, आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये लोडिंग लावायचं आणि संध्याकाळी टीम-बिल्डिंगचे खेळ घ्यायचे, याला काही अर्थ नाही. जड काम सकाळीच उरकू द्या. तुमच्याकडे हे वेळापत्रक शेडमधल्या लोकांना विचारून ठरतं का?