परदेशात मुले वाढवताना समाजमाध्यमे कमी केली, तर शाळेच्या आणि घरच्या सूचना कशा मिळवाव्यात?

इसारकाठ (म्युनिक)

नमस्कार. मागच्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून म्युनिकला आलो. मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत पहिलीत आहे आणि धाकटा मुलगा किटामध्ये, म्हणजे बालवाडीत जातो. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली त्याच सुमारास मी फेसबुक आणि इन्स्टाग्राम फोनवरून काढून टाकले आणि व्हॉट्सॲपवरील बहुतेक गट सोडले. मुले घरी आल्यापासून ती झोपेपर्यंतचा वेळ त्यांचा असावा, एवढाच त्यामागे हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साध्य झाला आहे. निर्णय बदलण्याची माझी इच्छा नाही. मात्र त्यातून रोजच्या व्यवहारात ज्या अडचणी उभ्या राहिल्या, त्यांवर अनुभवी पालकांचा सल्ला हवा आहे.

सोडलेल्या गटांत मुलीच्या वर्गातील पालकांचा गट होता आणि किटाच्या पालकांचाही. ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिनची कंदील मिरवणूक असते. कंदील मुलांनी किटामध्येच तयार केले होते, परंतु ते धरायची काठी आणि तिच्या टोकाचा छोटा दिवा घरून आणायचा असतो, हे फक्त पालकांच्या गटात बोलले गेले. माझा मुलगा त्या संध्याकाळी न पेटलेला कंदील हातात घेऊन चालला. पुढच्याच आठवड्यात बुधवारी मुलीला शाळेत सोडायला गेले, तर फाटक बंद. तो बूस उंड बेटटागचा, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चनांच्या पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस होता. बव्हेरियात ही सार्वजनिक सुट्टी नाही, त्यामुळे कार्यालये, दुकाने, बस सर्व काही नेहमीप्रमाणे सुरू असते, शाळा मात्र भरत नाहीत. त्या दिवशी नवऱ्याला आणि मला दोघांनाही कामावर पोहोचायचे होते; शेजारच्या आजींनी मुलीला दुपारपर्यंत ठेवून घेतले, म्हणून निभावले.

डिसेंबरमध्ये निकोलाउसचेही तेच झाले. ५ तारखेच्या रात्री मुलांनी बूट स्वच्छ करून दाराबाहेर ठेवायचे आणि ६ तारखेला सकाळी त्यांत अक्रोड, संत्री, चॉकलेट सापडायचे, ही इथली प्रथा आहे. वर्गात प्रत्येक मूल आपल्या बुटात काय मिळाले ते सांगत होते आणि माझ्या मुलीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. इथे लहानाचे मोठे झालेल्या पालकांना या गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत, म्हणून शाळेच्या पत्रकात त्या लिहिलेल्या नसतात. आपल्यासारख्यांच्या कानावर त्या पडतात त्या पालकांच्या आपसांतील गप्पांमधून, आणि त्या गप्पा आता व्हॉट्सॲपवर चालतात.

घरच्या बाजूलाही तसेच आहे. साताऱ्याच्या मोठ्या काकांची शस्त्रक्रिया झाल्याचे आम्हांला बऱ्याच दिवसांनी कळले, कारण कुटुंबाच्या गटात टाकले म्हणजे सर्वांना कळले, असे काकूंनी धरले होते.

यांपैकी कोणते दुवे परत जोडावेत आणि कशा रीतीने, जेणेकरून संध्याकाळ पुन्हा फोनमध्ये जाणार नाही?

न्यूर्नबर्गवासी

इसारकाठ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक म्हणजे न संपणारा मजकूर, जो पुढे पुढे सरकवत राहावा म्हणूनच रचलेला असतो. आणि दुसरी म्हणजे ओळखीच्या माणसांकडून येणारा निरोप. व्हॉट्सॲपमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येतात, शाळेचा निरोप पाहायला गेलेला माणूस स्टेटस आणि चॅनेल पाहत बसतो, आणि म्हणून आपण वैतागून ते दारच बंद करतो. माझ्या मते पहिल्या गोष्टीबाबत तुम्ही केले ते योग्यच केले. दुसऱ्या गोष्टीसाठी मात्र वेगळा मार्ग आधी तयार व्हायला हवा.

शाळेपासून सुरुवात करा. बव्हेरियातील शाळांच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक राज्याचे शिक्षण मंत्रालय काही वर्षे आधीच जाहीर करते आणि त्यात बूस उंड बेटटागही असतो. तो दरवर्षी २३ नोव्हेंबरच्या आधीच्या बुधवारी येतो. १९९५ पासून सॅक्सनी वगळता सर्व राज्यांनी त्याची सार्वजनिक सुट्टी रद्द केली, त्यामुळे कार्यालयाच्या दिनदर्शिकेत तो सापडत नाही आणि नव्याने आलेले पालक हमखास त्यात अडकतात. आम्ही हे वेळापत्रक छापून स्वयंपाकघरात लावतो आणि नोकरीच्या रजा त्यावरूनच ठरवतो.

शालेय वर्षाच्या सुरुवातीला एल्टर्नआबेंड, म्हणजे पालकसभा होते आणि तिथे पालक आपला वर्गप्रतिनिधी निवडतात. या सभेला जर्मन कच्चे असले तरी जाच. सभा संपल्यावर त्या प्रतिनिधीला भेटून स्पष्ट सांगा की मी व्हॉट्सॲप गटात नाही, तरी मुलांनी काही आणायचे असेल किंवा वेळ बदलली असेल, तर मला ईमेल करावी. हे विचारणे येथे अजिबात वावगे समजले जात नाही. माझ्या मुलाच्या वर्गात जर्मन पालकांपैकीही काहीजण गटात नव्हते आणि प्रतिनिधी बाई त्यांना नियमाने ईमेल पाठवीत. त्याशिवाय मुलीच्या दप्तरातील गृहपाठाची वही आणि पत्रांची फाइल रोज संध्याकाळी उघडून पाहा. बाईंच्या सूचना त्यातच असतात, आणि ती उघडण्याच्या निमित्ताने दिवसभर काय झाले, याच्या गप्पाही होतात.

ज्या गटात राहणे भागच आहे, त्याच्या सूचना कायमच्या बंद करून तो संग्रहात टाकता येतो. मग दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो संगणकावरच उघडावा. शनिवारी तो सकाळी पाहा, कारण सोमवारी शाळेत काही न्यायचे असेल तर रविवारी येथे दुकाने बंद असतात आणि मग मुख्य रेल्वे स्थानकापर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नसते.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. पुढेमागे इन्स्टाग्राम किंवा फेसबुक परत घ्यावेसे वाटले, तर युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यामुळे २०२३ पासून मोठ्या समाजमाध्यमांना येथील वापरकर्त्यांसाठी असा पर्याय ठेवावा लागतो, ज्यात तुमच्या सवयींचा माग काढून मजकूर निवडला जात नाही. तो पर्याय निवडला की आपण ज्यांना जोडलेले आहोत त्यांच्याच नोंदी दिसतात, त्या लवकर संपतात आणि फोन आपोआप खाली ठेवला जातो.

नवखी आई (ब्रेमेन)

वरील सल्ल्याचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडते. माझे बाळ लहान आहे, नवरा दिवसभर कामावर असतो आणि या शहरात आमचे नातेवाईक कोणी नाहीत. बाळंतपणानंतरच्या हिवाळ्यात, दुपारी चारनंतर अंधारून येत असताना, मराठी आयांच्या फेसबुक गटानेच मला आधार दिला. बाळाला गुटी द्यावी का, इथे खारीक कुठे मिळते, दाईने घरी येऊन जे सांगितले आणि आईने फोनवर जे सांगितले त्यांत मेळ कसा घालावा, हे प्रश्न मी आणखी कोणाला विचारणार होते? समाजमाध्यमे कमी करा असे सांगताना समोरच्या बाईच्या घरात दुसरे बोलायला कोणी आहे का, हे आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते. इसारकाठ यांच्याकडे शेजारच्या आजी आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. त्यांच्याकडे चहाला जाणे वाढवा. निकोलाउस, फाशिंगचे (इथल्या कार्निव्हलचे) पोशाख, ईस्टरची अंडी हे सर्व त्या तुम्हांला कोणत्याही गटापेक्षा चांगले आणि वेळेआधी सांगतील.

रात्रपाळी (फ्रँकफर्ट)

मी रुग्णालयात मुलांच्या विभागात परिचारिका आहे. नवखी आई यांचा एकटेपणाचा मुद्दा पूर्णपणे मान्य करूनही एका बाबतीत सर्वांना आग्रहाने सांगते, की मुलाच्या आजारपणाचा प्रश्न कृपया गटात विचारू नका.

रात्री मुलाला ताप येतो, आई गटात विचारते आणि दोन मिनिटांत कोणीतरी “पाच मिली पॅरासिटामॉल दे, आम्ही तेच देतो” असे लिहिते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु भारतातून आणलेल्या बाटलीत पाच मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम औषध असू शकते किंवा २५० मिलिग्रॅमही असू शकते, आणि येथील औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरपमध्ये ते साधारणतः २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे तेच पाच मिली एका घरात अपुरे पडते आणि दुसऱ्या घरात दुपटीहून अधिक होते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, आणि सल्ला देणाऱ्याला ना तुमच्या मुलाचे वजन माहीत असते ना तुमच्या हातातील बाटली. अशा चुकलेल्या मात्रेनंतर घाबरून आलेले आईवडील मी पाहिले आहेत. त्यांना दोष द्यावा असे मला कधीच वाटले नाही, कारण परक्या देशात रात्री दोन वाजता मराठीत मिळालेले उत्तर कोणालाही खरे वाटते.

जर्मनीत दवाखाने बंद असतानाच्या वेळेसाठी ११६११७ हा क्रमांक आहे. तिथे लक्षणे सांगितली की जवळच्या पाळीवरच्या डॉक्टरांकडे पाठवतात. श्वास घ्यायला त्रास होत असेल, आकडी आली असेल किंवा मूल प्रतिसाद देत नसेल, तर थेट ११२. हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये साठवा आणि कागदावर लिहून फ्रिजवरही लावा, कारण त्या वेळी मूल सांभाळणारी व्यक्ती आपणच असू असे नाही.

कृष्णाकाठची आजी (सांगली)

मी तुला ‘तू’ म्हणते, माझ्या सुनेच्याच वयाची असशील. माझा मुलगा आणि सून नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असतात. सुनेने दोन वर्षांपूर्वी तुझ्यासारखाच निर्णय घेतला आणि नातवंडांची छायाचित्रे स्टेटसवर टाकणे बंद केले. सुरुवातीला मला वाईट वाटले, हे खरे आहे. सकाळी पूजा आटोपून फोन उघडला की मुले दिसायची, ती दिसेनाशी झाली. पण तिने मला नीट बसून कारण सांगितले, आणि त्या जागी दुसरे काय करणार तेही सांगितले. हे सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण इकडच्या माणसांना न सांगता काही बंद झाले, की आमचे काही चुकले का, असा विचार आम्ही करत बसतो.

आता दर रविवारी तिकडच्या सकाळी दहा वाजता त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड वाजलेले असतात आणि हिवाळ्यात अडीच, कारण ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ बदलतात आणि आपण बदलत नाही. पहिल्या वर्षी हे कोणाच्या लक्षात आले नाही. मुलांचे आजोबा जेवण बाजूला ठेवून तासभर फोनजवळ बसून होते आणि तिकडे काही झाले तर नसेल ना, या काळजीने आमचा जीव टांगणीला लागला होता. आता त्या दोन रविवारांवर आम्ही दिनदर्शिकेत खूण करतो. तू तुझ्या आईला हे आधीच सांगून ठेव.

आणि नात्यातल्या बातम्यांसाठी घरातले एक माणूस नेमून टाक. आमच्याकडे ते काम माझ्या नणंदेकडे आहे. आजारपण, साखरपुडा, कोणी गेल्याची बातमी असली की ती मुलांना स्वतः फोन करते. बाकीचे सुप्रभात आणि पुढे ढकललेले निरोप त्यांनी पाहिले नाहीत तरी काही बिघडत नाही. सून आता दर काही महिन्यांनी छायाचित्रे छापून टपालाने पाठवते आणि मागे मुलांकडून दोन ओळी मराठीत लिहून घेते. नातू ‘आजी’मधला ‘ज’ उलटा काढायचा, तो आता सरळ काढू लागला, हे मला त्या छायाचित्रांमागे पाहायला मिळाले.

इसारकाठ (म्युनिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजी, तुमचे वाचून लगेच आईला फोन केला. तिच्या मनातही तोच प्रश्न होता आणि तिने तो मला कधी विचारला नव्हता. नात्यातल्या बातम्या कळवण्याचे काम धाकट्या आत्याने आनंदाने घेतले आहे.

न्यूर्नबर्गवासी, मुलीच्या वर्गप्रतिनिधींना आजच ईमेल लिहिली. किटाच्या गटात मात्र परत जायचे ठरवले आहे, कारण तेथील पालक बहुतेक गोष्टी आयत्या वेळी ठरवतात आणि ईमेल त्यांना पुरणार नाही. तो संग्रहात ठेवून सकाळी मुले गेल्यावर संगणकावर पाहीन. नवखी आई, तुमचे म्हणणे मला पटले. मी निर्णय घेतला तेव्हा घरात बोलायला माणूस होते, हे मी मोजले नव्हते. तुम्हांला कधीही बोलावेसे वाटले, तर मला संदेश पाठवा, आपण फोनवर बोलू.

रात्रपाळी, एक शंका आहे. ऑगस्टमध्ये आम्ही भारतात जाणार आहोत. येताना मुलांची तापाची औषधे तिकडून आणावीत, की नकोत?

रात्रपाळी (फ्रँकफर्ट)

आणू नका. घरात एकाच प्रमाणाची बाटली असावी, आणि ती इथलीच असावी, म्हणजे ११६११७ वर किंवा डॉक्टरांशी बोलताना दोन्ही बाजूंना एकाच औषधाबद्दल बोलता येते. बाटलीसोबत येणारी मोजपिचकारी किंवा मापाचा चमचा तिच्याबरोबरच ठेवा, दुसऱ्या बाटलीचा वापरू नका. धाकट्याचे वजन त्याच्या तपासणीच्या पिवळ्या पुस्तिकेत लिहिलेले असेल, पण ते जुने असू शकते. परत आल्यावर दोघांचीही वजने घ्या आणि त्यानुसार ठरलेली मात्रा मुलांच्या डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. प्रवासासाठी इथली बाटली सोबत न्या.