ट्रकच्या कॅन लाईनला डेटा लॉगर जोडायचाय, मदत हवी

चिंचोली_गॅरेज: सोलापुरात ट्रकची कामं करतो, उन्हाळ्यात लोड घेऊन पुणे हायवेला गाडी किती तापते ते नोंदवायचंय म्हणून लॉगर घेतलाय, पण कॅनच्या (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती लाईन) कॅन-हाय कॅन-लो या दोन वायरी जोडल्या की नुसत्या एरर फ्रेम (चुकीच्या संदेशाची खूण) येतात, आणि लॉगरमधला १२० ओहमचा रेझिस्टर चालू ठेवायचा का बंद?

वायरिंगवाला: बंदच ठेवा दादा. लाईनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० आधीच असतात. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावा, ६० ओहमच्या आसपास यायला पाहिजे, ४० आला म्हणजे तिसरा लागलाय. जोडवायर मीटरभराच्या आतच.

अक्कलकोट_रोड: स्पीड बघितला का? जे१९३९ ला (ट्रकच्या कॅनचं स्टँडर्ड) बरेचदा २५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), नव्या गाड्यांत ५०० पण असतो. आणि प्लीज, लॉगर लिसन-ओन्ली (फक्त ऐकायच्या) मोडवरच ठेवा, नॉर्मल मोडमध्ये स्पीड चुकला तर तो स्वतःच लाईनवर एरर टाकतो, चालत्या गाडीत हे अजिबात नको.

चिंचोली_गॅरेज: रेझिस्टर बंद, स्पीड ५००, डेटा आला! खूप आभार. कूलंटचं तापमान कशात बघू?

अक्कलकोट_रोड: पीजीएन (संदेशाचा नंबर) ६५२६२, पहिला बाईट, त्यातून ४० वजा करा.