बायो की मॅथ्स, कॉम्प्युटर की मेकॅनिकल: तुमचं कसं ठरलं?

भाचा यंदा दहावी झाला. घरात रोज जेवताना तोच विषय. आजोबांचं म्हणणं मॅथ्स-बायो दोन्ही ठेव, क्लासवाले म्हणतात बायो टाक, इलेक्ट्रॉनिक्स घे, २०० मार्कांचा स्कोअरिंग विषय आहे. सल्ले खूप झाले, आता अनुभव लिहा. काय घेतलंत, का घेतलंत आणि अकरावी-बारावीत केलेल्या कशाचा पुढे खरंच उपयोग झाला. क्लासची जाहिरात नको प्लीज.

---

मी लातूरला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) केलं. दोन्ही ठेवता येतात, फक्त दोन्हीची तयारी एकदम होत नाही हे कोणी सांगत नाही. नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे, तिथे एनसीईआरटी ओळ न ओळ पाठ लागतं, आणि सीईटीला मॅथ्सचा पेपर म्हणजे दीड तासात ५० प्रश्न, तिथे हाताला स्पीड लागतो, त्यामुळे सकाळी पेशी आणि रात्री इंटिग्रेशन असं करता करता दिवाळीपर्यंत माझं काय ते कळून चुकलं, बायो वाचताना झोप यायची आणि मॅथ्स सोडवताना जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. मग नीटचा फॉर्म भरलाच नाही. पप्पा महिनाभर नीट बोलले नाहीत (कोटी आपोआप झाली). भाच्याला एवढंच सांगा की सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि अकरावीच्या सिलॅबसवर साधारण २० टक्के प्रश्न असतात, अकरावी आरामाचं वर्ष नाहीये.

---

दहावीनंतर डिप्लोमा, मेकॅनिकल. मग डायरेक्ट सेकंड इयर, सीईटीची भानगडच नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर ॲडमिशन. वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसलेला असल्यामुळे बारावीहून आलेली पोरं आमच्याकडे बघत राहायची. पण एम थ्रीला (सेकंड इयरचं मॅथ्स) आम्ही त्यांच्याकडे बघायचो 😅 लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे काय ते मला हॉस्टेलच्या रूममेटनेच शिकवलं, सरांनी नाही.

---

कॉमर्सवाल्यांना कोणी विचारतच नाही! अकरावीला मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) असा चॉइस होता, सगळ्या मैत्रिणींनी एसपी घेतलं, मी एकटी मॅथ्सच्या वर्गात. सीए फाउंडेशनला मॅथ्स-स्टॅट्सचा १०० मार्कांचा पेपर असतो आणि तिथे चुकीच्या उत्तराला पाव मार्क कटतो, तेव्हा त्या वर्गाचं चीज झालं.

---

+१. एसपी घेऊन पण लोक सीए होतात हां, घाबरवू नका.

---

आम्ही कॅलिफोर्नियात, मुलगी बारावीत. इथे म्हणतात की मेजर दुसऱ्या वर्षी ठरवलं तरी चालतं, ते सगळीकडे खरं नाही. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करतानाच नाव घालावं लागतं, नंतर आत शिरणं महाकठीण. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्ज करताना आठपैकी चार प्रश्नांवर छोटे निबंध असतात, एसएटीचे मार्क ते बघतच नाहीत. नवऱ्याचा आग्रह सीएसचा. लेकीने नववीपासून घरामागच्या ओढ्याचं पाणी तपासायचा छंद लावून घेतलाय, पीएचच्या पट्ट्या, तापमान, सगळं वहीत. एपी (शाळेतच कॉलेजच्या लेव्हलचे कोर्स) बायोसोबत एपी स्टॅट्स घेतलं ते त्या वहीतल्या आकड्यांचं काय करायचं कळेना म्हणून. एन्व्हायर्नमेंटल सायन्स भरलंय. नवरा अजून गप्प आहे.

---

बीएस्सी ॲग्री, राहुरी. ॲग्रीला पीसीबीच लागतं हा गैरसमज, मॅथ्सवाले पण येतात. ज्यांचं मॅथ्स सुटलेलं त्यांना सुरुवातीला मॅथ्सचा एक बेसिक कोर्स करावा लागला, मॅथ्सवाल्यांना बायोचा. घरची शेती असेल तर सातबारा काढून ठेवा, जादा गुण मिळतात. शेवटच्या वर्षी रावे असतं, गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा ते मी ज्या काकांना शिकवायला गेलो त्यांनी बांधाजवळची आणि खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही हे मला आधीच सांगून टाकलं.

---

मूळ पोस्टवाल्या ताई, भाच्याला कुठल्याही ब्रँचच्या सेकंड इयरचा सिलॅबस युनिव्हर्सिटीच्या साइटवरून काढून द्या. मी आर्किटेक्चर तसंच निवडलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या होत्या म्हणून वाटायचं नुसतं ड्रॉइंगच असेल, तर आत स्ट्रक्चर्स, प्लंबिंग, एस्टिमेटिंग. तरी घेतलं. पाच वर्षं शीटं काढली, त्याआधी नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) दोनदा दिली. आणि इलेक्ट्रॉनिक्स घेणार असेल तर आधी त्या कॉलेजात तो विषय आहे का ते बघा, सगळीकडे नसतो.