शब्दचर्चा: ‘ग्रँट ऑफ राइट्स’ला मराठीत काय म्हणायचं?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या पैशांवर लेख लिहिते आहे (हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळतात तो फुटबॉल). तीन शब्दांवर अडले आहे: कॉन्फरन्स, एक्झिट फी, ग्रँट ऑफ राइट्स.

कॉन्फरन्सला आधी ‘परिषद’ लिहिलं होतं. बहिणीला मसुदा वाचायला दिला, तर तिने समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘परिषद संपली की लोक घरी जातात. मग ती सोडायला पैसे कसले?’ बरोबर आहे तिचं. ही कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा कायमचा गट. आपसात सामने खेळायचे, प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायचे, आलेला पैसा वाटून घ्यायचा. बिग टेन हा गट १८९६ पासूनचा. नावात दहा असले तरी २०२४ पासून सभासद अठरा आहेत. १९८४ पर्यंत टीव्हीचा कारभार एनसीएए ही देशपातळीवरची संस्था एकहाती बघायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली आणि पुढे विक्री गटांच्या हातात आली.

‘संघ’ म्हणावं तर मैदानावरच्या संघाशी घोळ होतो. म्हणून ‘गट’ लिहिते आहे. एक्झिट फीला, म्हणजे गट सोडताना भरायच्या रकमेला, ‘निर्गमन शुल्क’ आणि ग्रँट ऑफ राइट्सला, म्हणजे विद्यापीठं आपले प्रक्षेपणहक्क गटाला देतात त्या कराराला, ‘हक्कसोडपत्र’. हा शेवटचा शब्द माझा मलाच खटकतो.

प्रतिसाद

ताई, ‘गट’ ठीक. हक्कसोडपत्र मात्र नको. पंचवीस वर्षं दस्त लिहितोय. हक्कसोड म्हणजे बहिणीने भावाच्या नावे वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडून देणं. तो परत येत नाही, आणि बहुतेक वेळा मोबदलाही नसतो. तुमच्या विद्यापीठांना हक्क परत मिळतात का? मधल्या काळात पैसा कोणाकडे जातो? एवढं सांगा, मग शब्द शोधू.

प्रतिसाद (मूळ लेखिका)

परत मिळतात, पण मुदत फार लांब असते. एसीसी गटातल्या विद्यापीठांनी २०१३ मध्ये आपापल्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपणहक्क गटाच्या नावे केले आणि २०१६ मध्ये ती मुदत २०३६ पर्यंत वाढवली. गट ते हक्क ईएसपीएन या वाहिनीला विकतो आणि पैसा सभासदांत वाटतो. मेख पुढे आहे. समजा त्यातलं क्लेमसन विद्यापीठ मुदतीआधी गट सोडून गेलं. मैदान क्लेमसनचं, नारिंगी कपड्यांनी भरलेलं स्टेडियम क्लेमसनचं, पण त्या सामन्याच्या प्रक्षेपणाचा हक्क सोडलेल्या गटाकडेच. मग नवा गट अशा पाहुण्याला कशाला जागा देईल?

प्रतिसाद

मग हे खंडाने दिलेलं शेत झालं. सातबारा तुमच्या नावावर, पीक दुसऱ्याचं, मुदत भरली की शेत परत. मालक गाव सोडून गेला म्हणून करार मोडत नाही. ताबेगहाणही जवळचं आहे, पण त्याला मुळात कर्ज लागतं. ‘हक्क खंडाने दिले’ असं लिहा.

प्रतिसाद

नॉर्थ कॅरोलायनात राहतो, इथे हा विषय रोज कानावर पडतो. खंड मला पुरता पटत नाही, दादा. खंडाची रक्कम आधी ठरते आणि खंडकरी परका असतो. इथे ज्याला हक्क दिले त्या गटात देणारा स्वतःच सभासद आहे, आणि मिळतो तो वाटा. सामायिक खात्यात घातलेल्या जमिनीसारखं आहे हे. मी सरळ ‘हक्क मुदतीने लिहून दिले’ म्हणेन. ‘लिहून देणे’ म्हटलं की आपल्या माणसाला त्यातली जोखीम लगेच कळते.

‘निर्गमन शुल्क’ मात्र काढाच. शुल्क म्हटलं की दाखल्याची फी डोळ्यांसमोर येते. मेरीलँड विद्यापीठ २०१४ मध्ये एसीसी सोडून बिग टेनमध्ये गेलं तेव्हा त्याने हक्क लिहून दिलेले नव्हते, भांडण नुसतं रकमेचं होतं. गटाने ५.२ कोटी डॉलर मागितले, मिटलं ३.१ कोटींच्या आसपास. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ही विद्यापीठं कोर्टात गेली ती हक्कांसाठीही. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. आता टीव्हीच्या पैशातला ६० टक्के भाग प्रेक्षकसंख्येनुसार वाटला जातो. गट सोडण्याची रक्कम दरवर्षी उतरत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटींवर येणार, आणि ती भरली की हक्कही सोबत घेऊन जाता येणार. दागिना गहाणातून सोडवतात, तसंच हे. म्हणून ‘सोडवणुकीची रक्कम’.

प्रतिसाद (मूळ लेखिका)

‘सोडवणूक’ घेतला! पण फक्त २०२५ नंतरच्या एसीसीसाठी. मेरीलँडच्या वेळी सोडवायला काही अडकलेलंच नव्हतं, तिथे ‘गट सोडण्याची भरपाई’ लिहीन. आणि ‘मुदतीने लिहून देणे’ला माझं मत. पॅक-१२ या गटाची गोष्टही त्याच शब्दाने नीट सांगता येते: सभासदांनी लिहून दिलेली मुदत आणि टीव्हीचा करार दोन्ही २०२४ मध्ये संपले, आणि बारापैकी दहा जण बाहेर पडले. मागे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठं उरली.

एक शब्द अजून हवा आहे. एसएमयू हे डॅलसचं विद्यापीठ २०२४ मध्ये एसीसीत आलं ते नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा न घेण्याच्या अटीवर. पंगतीत बसायचं, पण पान रिकामं. ‘बिनवाट्याचा सभासद’ लिहिलं आहे, पण कानाला बरं लागत नाही. दस्तांच्या भाषेत असं काही आहे का, दादा?

प्रतिसाद

दस्तात ‘विनामोबदला’ लिहितो आम्ही. ‘नऊ वर्षं विनामोबदला सभासद’. वाचून बघा.