जादूच्या शाळेत पोरं मरायलाच हवीत का?

टवाळ_मुंगी:
भाचीने गळ्यात मारलेली नेओमी नोव्हिकची 'स्कोलोमन्स' त्रयी (२०२० ते २०२२) एकदाची संपवली. वाचली नसेल त्यांच्यासाठी: जादूगारांच्या मुलांची निवासी शाळा. शिक्षक नाहीत, सुट्ट्या नाहीत, घरी फोन नाही. पाइपांतून, छतातून राक्षस येतात आणि पोरं खातात. जेवणाच्या ताटातसुद्धा काही वळवळत नाही ना, हे आधी बघायचं. शेवटच्या दिवशी दाराशी टपलेल्या राक्षसांच्या गर्दीतून जीव घेऊन पळायचं, त्याचं नाव पदवीदान. तरी आईबाप मुलं पाठवतात, कारण बाहेर याहून जास्त मरतात.

माझं मत: जादूची शाळा लिहायची तर अशीच काळी लिहावी. मेजवान्या आणि प्रेमळ हेडमास्तरवाल्या गोड शाळांत, हे सगळं कुणाच्या जिवावर चालतं ते कुणी सांगत नाही. इथे न्यूयॉर्क, लंडनच्या श्रीमंत जादूगार-वस्त्यांची मुलं साठवलेल्या शक्तीवर ऐश करतात. बाकीची त्यांच्या पुढून चालतात, म्हणजे राक्षस आला तर आधी यांना खाईल. का? पदवीदानाला त्यांच्या टोळीत जागा मिळेल ही आशा. नायिका एल शक्ती जमवायला जोर काढते आणि क्रोशे विणते. क्रोशेचा तिला मनस्वी कंटाळा, म्हणूनच विणते. जितका वैताग, तितकी शक्ती जास्त.

खिडकीतला_काका:
साफ अमान्य. मी पाचवी ते दहावी होस्टेलात काढली. भीती राक्षसाची नव्हती. रविवारी कुणाला भेटायला घरचे येतात आणि कोण गेटाकडे बघत बसतो, तिथे होती. ते लिहायला एकही मुडदा लागत नाही. पहिला भाग मीही वाचलाय. दोनचार पोरं गेल्यावर मी शेंगा सोलत पानं उलटत होतो. मरण इतकं स्वस्त केलं की वाचणाऱ्याला काही वाटत नाही. चौदा वर्षांच्या पोराला हे कशाला द्यायचं?

टवाळ_मुंगी:
काका, घरून आलेला लाडवांचा डबा कुठे ठेवायचात?

खिडकीतला_काका:
ट्रंकेत. कुलूप लावून. कळला तुझा रोख. पण लाडू चोरणारा मला खात नव्हता.

बोरूबहाद्दर:
काळेपणा नोव्हिकबाईंनी शोधलेला नाही. स्कोलोमन्स ही मुळात ट्रान्सिल्व्हेनियातली लोककथा. एमिली जेरार्ड यांनी १८८५ साली ती इंग्रजीत लिहिली: डोंगरात सैतानाची शाळा, एका वेळी दहा विद्यार्थी. शिक्षण संपलं की नऊ घरी जातात, दहाव्याला सैतान फी म्हणून ठेवून घेतो. मग तो ड्रॅगनवर बसून सैतानाला वादळं घडवायला मदत करतो. ब्रॅम स्टोकरने १८९७ मध्ये 'ड्रॅक्युला'त हीच शाळा उचलली. काका, दहात एक गेला तर चालेल का? तुमची हरकत आकड्याला आहे की गोष्टीला?

खिडकीतला_काका:
आकड्यालाच. दहावा कोण, या धास्तीत गोष्ट आहे. इथे तर घाऊक.

अर्धी_भाकरी:
माझं भांडण वेगळंच आहे. एलचे वडील मुंबईच्या घराण्यातले. ती पाच वर्षांची असताना आई तिला वेल्सहून मुंबईला घेऊन येते, पणजी भविष्य सांगते की ही पोर सर्वनाश करणार, आणि आई आल्या पावली परत नेते. पहिल्या भागातली मुंबई ती एवढीच, शाप मिळण्याचं ठिकाण. आणि पणजीचं नाव दीप्ती! आमच्या पणज्यांच्या पिढीत सगळ्या द्वारका, सरस्वती नाहीतर नुसत्या 'बाय'. शिवाय २०२० मध्ये पहिला भाग आला तेव्हा ड्रेडलॉक्समध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय लोक ठेवतात तशा जटांसारख्या केसांत, राक्षस अंडी घालतात, असं त्यात होतं. कृष्णवर्णीय वाचक भडकले, लेखिकेने माफी मागितली. जगभरची मुलं शाळेत भरायची तर तेवढा अभ्यास नको?

टवाळ_मुंगी:
दीप्ती पणजी मलाही खटकली, मान्य. पण भाषेची गंमत बघा. त्या शाळेत एखादी भाषा नुसती कानावर पडली, तरी शाळा तुम्हाला त्या भाषेतले मंत्र द्यायला लागते. समजो न समजो. म्हणून एल नको त्या भाषेपासून कान वाचवत फिरते. सेमी इंग्रजीत पाचवीत जाऊन अचानक 'फोटोसिंथेसिस' अंगावर आलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

अर्धी_भाकरी:
ते मात्र झकास आहे. तरी पणजीला माफी नाही.

टवाळ_मुंगी:
भाचीला हा सगळा वाद वाचून दाखवला. ती म्हणते, "मावशी, ते पुस्तक विनोदी आहे. हे कुणीच कसं लिहिलं नाही?"